शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि स्टेरॉइड औषधे

शस्त्रक्रिया यशस्वी होणे आणि रुग्ण बरा होणे या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिली काही तासांत आटोपते. दुसरीला दिवस, आठवडे, प्रसंगी महिने लागतात. पहिली शस्त्रवैद्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. दुसरे काम रुग्णाच्या शरीरालाच करावे लागते. त्या कामी शरीराला ज्या द्रव्यांचे साहाय्य होते, त्यांत मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहानशा ग्रंथींतून स्रवणाऱ्या एका द्रव्याचे महत्त्व फार मोठे आहे. त्याचे नाव कॉर्टिसॉल. त्याच्या रचनेशी साम्य असलेली प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिझोन, डेक्सामेथासोन इत्यादी औषधे ‘स्टेरॉइड’ या नावाने सर्वत्र ओळखली जातात. पिळदार शरीर कमावण्यासाठी काही खेळाडू ज्या औषधांचा निषिद्ध वापर करतात, तीही रसायनदृष्ट्या स्टेरॉइडेच होत. पण त्यांचे कार्य वेगळे असून त्यांचा येथे विचार केलेला नाही.

या औषधांविषयी लोकांत दोन टोकांचे समज आढळतात. काहींना ती सर्व दुखण्यांवरचा रामबाण उपाय वाटतात, तर काहींना केवळ नाव ऐकताच धडकी भरते. शस्त्रक्रियेच्या प्रसंगी हे दोन्ही समज घातक ठरू शकतात. पहिल्यामुळे रुग्ण नको तेव्हा औषध घेतो. दुसऱ्यामुळे तो ते नको तेव्हा बंद करतो. आणि एकाएकी औषध बंद केल्याने प्राणावर बेतते, हे वैद्यकाला दुःखद अनुभवांतून शिकावे लागले आहे.

ग्रंथी व तिचा स्राव

या ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. प्रत्येकीचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम भरते. त्यांच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे बाह्यकातून, कॉर्टिसॉल स्रवते. ते किती स्रवावे हे ग्रंथी स्वतः ठरवीत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस नावाचा भाग पोष ग्रंथीला संदेश देतो. पोष ग्रंथी एसीटीएच नावाचे हॉर्मोन रक्तात सोडते. आणि ते हॉर्मोन अधिवृक्क ग्रंथीला कामास लावते. रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की तेच उलट मेंदूकडे ‘आता पुरे’ असा निरोप पोचविते आणि वरून येणारा हुकूम मंदावतो. विहिरीवरच्या पंपाने टाकी भरावी आणि टाकी भरताच पंप आपोआप थांबावा, तशीच ही योजना आहे.

निरोगी प्रौढाच्या शरीरात एरवी दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते. पहाटे त्याचे प्रमाण अधिक असते, रात्री कमी. परंतु पोटाची किंवा सांध्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, की त्याच ग्रंथी त्या दिवशी ७५ ते १०० मिलिग्रॅम आणि क्वचित त्याहूनही अधिक कॉर्टिसॉल निर्माण करतात. या वाढीव स्रावामुळे रक्तवाहिन्यांचा ताण टिकून रक्तदाब सांभाळला जातो, यकृतातून साखर रक्तात येऊन इंद्रियांना इंधन मिळते, आणि जखमेभोवतीची दाहक्रिया मर्यादेबाहेर जात नाही. सर्व काही सुरळीत असल्यास एक-दोन दिवसांत, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवसांत, हे प्रमाण पूर्ववत होते. रुग्णाला यातले काहीही जाणवत नाही. तो फक्त म्हणतो, की आज थोडे बरे वाटते.

औषधाचा उदय

या ग्रंथी नष्ट झाल्यास काय होते, याचे वर्णन लंडनच्या गायज रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली केले. अशक्तपणा वाढत जातो, कातडी काळवंडते, नाडी क्षीण होते आणि अखेर मृत्यू येतो. पुढे हा रोग त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्यावर त्या काळी उपाय नव्हता. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल व स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन यांनी ग्रंथीच्या बाह्यकातून अनेक द्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी एक द्रव्य पुढे कॉर्टिझोन या नावाने प्रसिद्धीस आले. सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचले, आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जगभर या औषधाचे स्वागत झाले. संधिवात, दमा, त्वचारोग, मूत्रपिंडाचे विकार अशा कितीतरी दुखण्यांत रुग्ण ते महिनोन्‌महिने घेऊ लागले. मात्र बाहेरून येणाऱ्या या पुरवठ्याचा रुग्णाच्या स्वतःच्या ग्रंथीवर काय परिणाम होतो, हे कळण्यास आणखी काही काळ जावा लागला.

निद्रिस्त ग्रंथी

१९५२ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध झाली. हा तरुण पुरुष संधिवातासाठी काही महिने कॉर्टिझोन घेत होता. सांध्यावर शस्त्रक्रिया ठरली तेव्हा ते बंद करण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब खाली गेला, तो कोणत्याही उपायाने वर येईना, आणि त्यातच त्याचा अंत झाला. शवविच्छेदनात त्याच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी वाळून बारीक झालेल्या आढळल्या. पुढच्याच वर्षी तशाच दुसऱ्या एका मृत्यूची नोंद झाली.

याचे कारण वर दिलेल्या पंपाच्या दृष्टान्तावरून समजेल. टाकीत बाहेरून सतत पाणी ओतले, तर पंप चालू होण्याचे कारणच उरत नाही. महिने लोटले की तो गंजतो. मग एके दिवशी बाहेरचे पाणी बंद झाले आणि त्याच दिवशी घराला आग लागली, तर गंजलेला पंप काय कामाचा? औषधरूपाने मिळणाऱ्या स्टेरॉइडामुळे मेंदूकडून येणारा हुकूम थांबतो, ग्रंथी आकसते, आणि शस्त्रक्रियेसारख्या आणीबाणीच्या वेळी तिला दहापट काम करता येत नाही. औषध बंद केल्यानंतर तिला पुन्हा जाग येण्यास कित्येकदा काही महिने आणि काही रुग्णांत वर्षभरही लागते.

हे संकट ओळखणेही सोपे नसते, कारण त्याची लक्षणे शस्त्रक्रियेनंतरच्या नेहमीच्या तक्रारींत मिसळून जातात. मळमळ, ओकारी, पोटदुखी, गळून जाणे, गुंगी, बरळणे, कधी ताप, अशी ती लक्षणे असतात. रक्तदाब उतरतो, आणि शिरेतून कितीही द्रव दिले तरी तो टिकत नाही. रुग्ण पूर्वी स्टेरॉइड घेत होता हे डॉक्टरांना ठाऊक असेल, तर शिरेतून हायड्रोकॉर्टिझोन देताच बहुधा काही तासांत पालट दिसतो. ते ठाऊक नसेल, तर रक्तस्रावाचा, जंतुसंसर्गाचा, हृदयविकाराचा शोध घेण्यात मोलाचा वेळ निघून जातो.

नाव नसलेला एक रुग्ण

ग्रंथी निकामी असतानाही मोठी शस्त्रक्रिया करता येते, याचे एक गाजलेले उदाहरण आहे. १९५५ साली अमेरिकेतील शस्त्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात ॲडिसनचा रोग असलेल्या ३७ वर्षे वयाच्या एका पुरुषाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या पाठीच्या कण्यावर ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे शस्त्रक्रिया झाली होती. अशा रुग्णावर एवढी शस्त्रक्रिया करणे त्या काळी धाडसाचेच होते. कॉर्टिझोन व हायड्रोकॉर्टिझोन यांच्या वाढीव मात्रा काळजीपूर्वक देऊन वैद्यांनी त्याला त्या आघातातून निभावून नेले. तरीही पुढे जंतुसंसर्ग झाला, रुग्ण बेशुद्धावस्थेत गेला आणि त्याच्या जीविताची आशा क्षीण झाली. तो वाचला, परंतु जखम नीट भरून आली नाही. त्यामुळे फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करून कण्यात बसविलेली धातूची पट्टी काढून टाकावी लागली. लेखात रुग्णाचे नाव नव्हते. पुढे काही वर्षांनी तारखा, वय व शस्त्रक्रिया यांचा मेळ घालून ते उघडकीस आले. तो रुग्ण म्हणजे जॉन केनेडी. १९६१ साली ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

या रुग्णाची ग्रंथी औषधामुळे नव्हे, रोगामुळे निकामी झाली होती. तरी त्याच्या हकिकतीत या विषयाच्या दोन्ही बाजू दिसतात. पुरेसे स्टेरॉइड मिळाले म्हणून तो शस्त्रक्रियेतून तरला. आणि ज्याच्या शरीराचा हा समतोल बिघडलेला आहे, त्याची जखम भरणे व जंतूंशी झुंजणे किती कठीण असते, हेही त्याच्या पुढच्या चार महिन्यांत दिसून आले.

आजची पद्धत

१९५२ नंतरच्या काळात स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी फार मोठ्या मात्रा सरसकट दिल्या जाऊ लागल्या. पुढे शरीर स्वतः किती कॉर्टिसॉल निर्माण करते याचे मोजमाप झाले आणि मात्राही खाली आल्या. आज साधारण नियम असा आहे, की जो प्रौढ रुग्ण चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ रोज ५ मिलिग्रॅम वा जास्त प्रेडनिसोलोन घेत आहे, त्याची ग्रंथी मंदावली असण्याचा संभव धरावा. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोनच्या किंवा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोनच्या तोडीचे असते. म्हणून गोळी लहान आहे एवढ्यावरून तिचा जोर ठरविता येत नाही. दम्यासाठी ओढण्याची औषधे मोठ्या मात्रेत घेतल्यास, तीव्र मलमे दीर्घकाळ फासल्यास किंवा सांध्यांत वारंवार इंजेक्शने घेतल्यासही ग्रंथी मंदावू शकते.

ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांनुसार अशा रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेत भूल देतानाच १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन शिरेतून देतात. त्यानंतरच्या २४ तासांत सावकाश २०० मिलिग्रॅम देतात. आणि रुग्ण तोंडाने औषध घेऊ लागला की त्याची नेहमीची मात्रा ४८ तास, गुंतागुंत असल्यास आठवडाभर, दुप्पट ठेवून मग मूळ पदावर आणतात. वाढीव मात्रा नेमकी किती असावी, याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. परंतु रुग्णाची नेहमीची मात्रा शस्त्रक्रियेच्या दिवसांत चुकता कामा नये, याविषयी मतभेद नाहीत.

जखम, जंतू आणि साखर

स्टेरॉइड आवश्यक असले तरी त्याची किंमत मोजावी लागते. जखम भरण्याचा पहिला टप्पा म्हणजे दाह. जखमेच्या जागी पांढऱ्या पेशी गोळा होतात, मृत पेशी व जंतू दूर करतात, आणि तंतुजनक पेशींना पाचारण करतात. या पेशी कोलॅजेन नावाचे प्रथिन विणतात व जखम सांधली जाते. निरोगी माणसातही तीन आठवड्यांनी त्वचेच्या व्रणाला मूळ बळाच्या साधारण पाचवा हिस्साच बळ आलेले असते. स्टेरॉइड दाह शमविते, म्हणजे या कामाच्या पहिल्याच पायरीला आवर घालते. ते दीर्घकाळ घेणाऱ्याची त्वचा पातळ होते, कोलॅजेन कमी विणले जाते, जखम उशिरा भरते आणि कधी उसवते. म्हणूनच अशा रुग्णाचे टाके नेहमीपेक्षा उशिरा काढण्याची पद्धत आहे.

दुसरी अडचण अधिक फसवी असते. जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, जखम लाल होते, दुखते. या खुणांवरून वैद्य सावध होतो. स्टेरॉइड जंतूंविरुद्धचा प्रतिकार दुबळा करतेच, शिवाय या धोक्याच्या खुणाही झाकून टाकते. पोटात पू झालेला असताना पोट मऊ लागू शकते व ताप बेताचाच असतो. म्हणून स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाची ‘थोडीशी’ तक्रारही थोडी समजू नये.

तिसरी गोष्ट साखरेची. स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर वाढते. मधुमेह नसलेल्यांतही ती वाढू शकते. मधुमेह्यांत तर हमखास वाढते, आणि वाढलेली साखर जंतूंच्या पथ्यावर पडते. सकाळी गोळी घेणाऱ्यांत ही वाढ विशेषतः दुपारनंतर दिसते, त्यामुळे केवळ उपाशीपोटी केलेली तपासणी फसवी ठरू शकते. याखेरीज झोप उडणे, मन अस्वस्थ होणे, वेदनाशामक गोळ्यांबरोबर घेतल्यास जठरात व्रण पडणे, हेही परिणाम आढळतात.

शस्त्रक्रियेसाठीच दिलेली स्टेरॉइडे

ज्यांनी पूर्वी स्टेरॉइड कधीच घेतलेले नाही, अशांनाही शस्त्रक्रियेच्या निमित्ताने ते दिले जाते. भुलीनंतरची मळमळ व ओकारी टाळण्यासाठी डेक्सामेथासोनची एक मात्रा देण्याचा प्रघात आता सर्वत्र आहे. या एका मात्रेनेही जखमेत जंतुसंसर्ग वाढत असेल काय, अशी शंका होती. ती तपासण्यासाठी ऑस्ट्रेलियासह काही देशांत सुमारे ८,७०० रुग्णांवर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलेल्यांत शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग होण्याचे प्रमाण ८.१ टक्के, तर न दिलेल्यांत ९.१ टक्के आढळले. म्हणजे एका मात्रेने संसर्ग वाढत नाही. जो धोका आहे, तो दीर्घकाळच्या वापराचा.

मेंदूतील गाठीभोवती येणारी सूज कमी करण्यासाठी डेक्सामेथासोनचा उपयोग होतो, हे १९६१ साली अमेरिकेत दाखविण्यात आले. तेव्हापासून मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर ते देतात आणि पायरीपायरीने कमी करीत बंद करतात.

भारतीय वाचकाला सर्वांत परिचयाचे उदाहरण मोतीबिंदूचे होय. या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यातील दाह शमविण्यासाठी स्टेरॉइडयुक्त थेंब काही आठवडे घालावयास सांगतात. प्रथम दिवसातून अनेकदा, मग क्रमाने कमी. प्रेडनिसोलोनच्या थेंबांत औषधाचे बारीक कण तळाशी बसतात, म्हणून बाटली प्रत्येक वेळी नीट हलवावी लागते. काही व्यक्तींत या थेंबांनी डोळ्यातील दाब वाढतो. तो स्वतःला कळत नाही, तपासणीतच कळतो. उरलेली बाटली जपून ठेवून पुढे केव्हातरी डोळा लाल झाला म्हणून घालणे फार घातक आहे. शेतात काम करताना पात्याचा वा काडीचा ओरखडा लागून बुबुळात बुरशी शिरलेली असेल, तर स्टेरॉइडच्या थेंबांनी ती फोफावते आणि दृष्टी जाऊ शकते.

न सांगितलेले औषध

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा कायदा असून २०१८ साली अनेक स्टेरॉइडयुक्त मलमेही त्याच्या कक्षेत आणली गेली. तरीही ती चिठ्ठीवाचून घेतली जातात. संधिवातावर वा दम्यावर ‘अक्सीर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले वेळोवेळी सापडले आहे. अशी पुडी वर्षभर घेणाऱ्या रुग्णाला ‘स्टेरॉइड घेता काय?’ असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच सांगेल; आणि त्याची निद्रिस्त ग्रंथी शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रथम उघडी पडेल. २०२१ साली कोविडच्या साथीत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने महाराष्ट्र व गुजरातसह देशभर थैमान घातले. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडांचा अविचारी वापर ही त्यामागची प्रमुख कारणे होती. त्याच साथीत, प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांना योग्य मात्रेत दिलेल्या डेक्सामेथासोनने अनेकांचे प्राण वाचविले, हेही तितकेच खरे आहे.

रुग्णाने व आप्तांनी काय करावे

शस्त्रक्रियेपूर्वी गेल्या वर्षभरातील सर्व औषधांची माहिती शस्त्रवैद्याला व भूलतज्ज्ञाला द्यावी. गोळ्या, मलमे, थेंब, सांध्यातील इंजेक्शने, ओढण्याची औषधे, तसेच वैदूकडील पुड्या यांपैकी काहीही वगळू नये. शक्य तर वेष्टने बरोबर न्यावीत. उपाशी राहण्याची सूचना असली, तरी त्या सकाळची स्टेरॉइडची गोळी घ्यावी की नाही, हे स्पष्ट विचारून घ्यावे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याने औषधाचे नाव व मात्रा लिहिलेला कागद सदैव जवळ बाळगावा. कारण अपघातानंतरच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत रुग्ण स्वतः बोलू शकेलच असे नाही.

घरी आल्यावर सांगितलेली मात्रा सांगितलेल्या क्रमानेच कमी करावी. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडू नये, आणि बरे वाटावे म्हणून वाढवूही नये. ओकारीमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशा वेळी औषध टोचूनच द्यावे लागते. विलक्षण थकवा, उभे राहताच भोवळ, बरळणे, जखमेतून पाणी वा पू येणे, साखर एकाएकी वाढणे, यांपैकी काही दिसले तर पूर्वीचे औषध आठवणीने सांगून डॉक्टरांना दाखवावे.

१९५२ साली दगावलेल्या त्या रुग्णाच्या बाबतीत ज्ञानच अपुरे होते; त्याच्या वैद्यांना दोष देता येणार नाही. आज ते ज्ञान उपलब्ध आहे आणि हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शनही दुर्मिळ राहिलेले नाही. आता उणीव पडली तर ती बहुधा एका वाक्याची पडते, आणि ते वाक्य रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी वेळेवर उच्चारावयाचे असते: ‘हे औषध चालू आहे.’